कोपऱ्याची त्रिज्या

राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत
माझं दुकान, दोन हात रुंद.
शटर अर्धं वर केलं तरी उजेड पुरतो.
टेबलावर दोन फोन, पाठ उघडी टाकून पालथे.
यांच्या कंपन्या सात समुद्रांपलीकडे
सहा वर्षं कोर्टात भांडतायत
की गोल कोपरा कुणाचा.

सकाळी पेपरात भरपाईचा आकडा आला होता.
शून्यं मोजता मोजता चहा निवला.
मग चिमट्यानं, श्वास धरून, एकाचा पडदा उचलला
तर खाली, पट्टीच्या आडोशाला,
शिक्का दुसऱ्या कंपनीचा.
दिवसा दावा, रात्री व्यापार.
मला फस्सकन हसू आलं
आणि टेबलावरचा स्क्रू उडाला कुठंतरी.

अकराच्या सुमाराला बाबालालचाचा येतात.
उद्यमनगरात चाळीस वर्षं पॅटर्न केले त्यांनी,
सागवानाचे;
लोखंड ओतायच्या आधीचं लोखंडाचं अंग.
फोन हातात घेतला की ते पडदा बघत नाहीत,
कडेवरून अंगठा फिरवतात, डोळे मिटून.
"साडेसात मिलिमीटर. आठ नाही."

"टोकदार कोपरा वाळू धरत नाही, बाळा.
साचा उचलला की ढासळतो.
राहिलाच, तर रस निवताना नेमका तिथंच तडकतो.
म्हणून गोल करायचा.
कुणी शिकवलं म्हणशील, तर लोखंडानं.
त्याच्यावर दावा लाव म्हणावं."

मी विचारलं, "तुमचं कधी चोरलं कुणी?"

चाचांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला.
एक पंप होता म्हणाले, शंखासारख्या पोटाचा.
तीन महिने कोरला.
एका रात्री दिवे गेले, पटाशी निसटली,
पायापाशी खाच पडली, नखाएवढी.
मेण भरायचा कंटाळा केला. राहू दे म्हणालो.
सहा महिन्यांनी शिरोलीत, गुंडाप्पा हुक्केरीच्या शेडात
हिरवा रंग दिलेले पंप ओळीनं उभे,
आणि प्रत्येकाच्या पायापाशी ती खाच.
माझी चूकसुद्धा उचलली होती गड्यानं,
नीट, घासूनपुसून.

"मग? भांडला?"
"भांडायलाच गेलोतो की.
त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला,
आणि हळूच, कान जवळ आणून विचारलं,
मिस्त्री, ती खाच कशाला ओ?
तेल निथळायला काय?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"होय म्हणालो."

त्यानंतर दहा वर्षं
सगळ्या उद्यमनगरानं खाच पाडली.
कुणी मोठी, कुणी दोन.
खाच नसली तर गिऱ्हाईक पंप हातानं चाचपून
परत ठेवायचं म्हणे. डुप्लिकेट आहे.

थोड्या वेळानं, न विचारताच:
"आणि मी तरी काय आकाशातून आणला होता?
विलायती पंप उघडला रविवारी,
मालक नरसोबाच्या वाडीला गेले होते.
सोमवारी जसाच्या तसा बंद.
वायसर तेवढा एक उरला."

दुपारी एक पोरगी आली, डोळे लाल.
रंकाळ्याच्या पायरीवर पडला म्हणाली, आठवडा झाला घेऊन.
फोन पडतो तो कोपऱ्यावरच पडतो.
वरचा उजवा कोपरा, ज्याच्यासाठी वकील विमानानं फिरले,
कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा.
काच बदलली. वर कव्हर लावून दिलं,
दीडशेचं, जाड, काळं, चौकोनी टोकांचं.
साडेसात मिलिमीटर आत गेले, कायमचे.
चाचा काही बोलले नाहीत,
पण कव्हरावरून अंगठा फिरवला त्यांनी
आणि पँटीला पुसला.

रात्री शटर ओढताना
चपलेच्या तळात काहीतरी टोचलं.
सकाळचा स्क्रू.
कुठल्या फोनचा ते आठवेना.
परत आत गेले, दिवा लावला, लावून पाहिला.
दोन्हीत बसतो.
एकात जरा सैल.