कोपर

दिघ्याचा हेमल मढवी, कबड्डीत पडला.
पहिल्या फिल्मवर काहीच नव्हतं,
आणि मी तसं म्हणालेही.

आज पाच आठवडे झाले.
हात सरळ होत नाही, पुरता मिटतही नाही.
ऐरोलीच्या या थंड खोलीत
जेल लावून प्रोब फिरवला :
स्नायूच्या काळोखात एक पांढरी कड,
अंड्याच्या टरफलाएवढी पातळ,
मागे सावली टाकणारी.

हाड. जिथं त्याचं काही काम नाही तिथं.

बाप दाराशी. खाणीत
दगड फोडून रुंद झालेले हात.
"रोज रात्री चोळतो, मॅडम, कोमट तेलानं.
रडतो, तरी सोडत नाय."

सीटीत कळेल, कड कुठवर भरली.
रिपोर्टात मी मिलिमीटर लिहिले.
मालिश थांबवा, इतकंच बोलले.

त्यानं तळहात वर केले,
उजेडात धरलेल्या
फिल्मसारखे.