उसनं नाक

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी इर्मगार्ट फोल्त्स
काठीनं छताला दोनदा ठोकते.
म्हणजे: खाली ये. नाक घेऊन ये.

मागच्या मार्चात तापातून उठली तेव्हा
जीभ शाबूत होती, कान पूर्वीइतकेच तिखट,
पण कॉफीचं नुसतं गरम पाणी झालं होतं
आणि दूध करपलं तरी कळेना.
डॉक्टर म्हणाले, वास येईलही परत.
त्या 'ही'वर ती अजून चिडते.

माझी तर नोकरीच वासाची.
शबॉयगनच्या वेशीवर चीजचा कारखाना,
रात्रपाळीला मी वड्या हुंगते,
एक ते नऊ यांतला आकडा लिहिते.
अकरा वर्षांत कुणाच्या भिडेखातर
चाराचे पाच केले नाहीत.

इथे आकडे चालत नाहीत.
ती पेटीतून एकेक पुडी काढते
आणि माझ्या तोंडाकडे बघत बसते.
लवंग: ठीक.
दालचिनी: जुनी, लाकूड झालंय तिचं.
वेलदोडा, जायपत्री, सुंठ.
मग धणे. मी थबकते.
अगं बाई, यात दगडफूल घातलं
की झाला आमचा गोडा मसाला!
"दगडाला फूल येतं?"
दगडावर येतं, म्हणते मी,
आणि पुढे माझं इंग्रजी संपतं.

वासाचं माझं इंग्रजी सगळं कारखान्यातलं:
आंबूस, गोठ्यासारखा, भिजल्या पुठ्ठ्यासारखा.
खोड काढायला शिकवलेली भाषा.
चांगले वास मराठीतच राहून गेलेत,
म्हणून मराठीतच सांगते.
उग्र. घमघमीत. हा दरवळतो, पण लांबून,
शेजारी कुणी डबा उघडावा तसा.
ती मान हलवते,
जणू मी जर्मनच बोलतेय.

मध कढतो, उतरतो, कोमट होतो.
हरणाच्या शिंगाचं मीठ म्हणतात ती पांढरी पूड
ती रममध्ये कालवते
आणि मला सावध करायला विसरते.
थेट टाळूपर्यंत सणक! डोळ्यांना धारा.
इर्मगार्ट पोट धरून हसते.
"हा मलाही कळतो! वास नाही येत, टोचतो."
मग हसू ओसरल्यावर
पुन्हा वाटीवर वाकते.
पुन्हा एकदा. मुद्दाम. बराच वेळ.

गोळा महिनाभर मागच्या पडवीत मुरतो,
मातीच्या बरणीत, तळ्यावरच्या वाऱ्यात.
डिसेंबरात लाटायला घेतो तर
लाटणं हरेल असा घट्ट.
तिची मनगटं थकतात, मग माझी,
मग पुन्हा तिची, हट्टानं.

आईच्या कार्डावर वेळ लिहिलेली नाही.
वास सुटला की काढा, एवढंच,
वळणदार, फिकट निळ्या शाईत.
ती खुर्चीत, हातमोजा चढवून.
"आता?"
नाही. अजून पिठाचाच.
"आता?"
मध जागा होतोय. थांब.
"आता?"
बाहेर बर्फ काढणारी गाडी खडखडत जाते
आणि मी ओरडते: खमंग!

अर्थ तिनं विचारला नाही. ओव्हन उघडला.
रात्री कार्डावर, आईच्या ओळीखाली,
पेन्सिलीनं तिच्या स्पेलिंगात लिहिलं: कामुंग.
मी दुरुस्त केलं नाही.

पहिले काही दिवस ही बिस्किटं विटेसारखी.
डब्यात सफरचंदाची फोड ठेवायची,
मग ती हळूहळू नमतात.

नाताळच्या आदल्या पहाटे पाळीवरून आले
तर तिच्या स्वयंपाकघरात दिवा.
झग्यावर स्वेटर, मांडीवर डबा,
डब्यात अख्खं तोंड.
"सफरचंद," ती म्हणाली. "बहुतेक.
की नुसतं आठवतंय?"

फोड मी कालच काढून टाकली होती.
बुटांवरचा बर्फ फरशीवर वितळत होता.
डबा तिनं माझ्यापुढे धरला.

मी आधी हो म्हटलं,
मग हुंगलं.