कूस बदलणे: चार मिनिटे

रविवारी मालमोहून निरंजनदादाचा फोन येतो.
तिकडे अजून सकाळ असते,
इकडे मानेवाड्यात कूलरची टाकी अर्धी झालेली.
अपघातानंतर तो आणि मी एका जातीचे झालो,
असं तो म्हणतो, आणि आम्ही दोघंही हसतो.

त्याला मदतीचे तास मिळतात.
मिळतात म्हणजे मागावे लागतात.
नगरपालिकेची बाई येते, स्टुलावर बसते, विचारते:
अंघोळीला किती? दात घासायला?
शी रोज होते का, किती वेळ लागतो?
दादानं सगळं लिहून दिलंय.
रात्री कूस बदलणे: तीन वेळा, प्रत्येकी चार मिनिटे.
मंजूर झाले दोन वेळा.
तिसऱ्यांदा तो जागाच राहतो.
अपील चालू आहे.

"तुला किती तास?"
मी म्हटलं, दुर्पता.
"म्हणजे किती?"
म्हणजे दुर्पता, दादा.

ती माझ्या खाटेशेजारी चटईवर झोपते.
मी हाक पुरी करायच्या आत
तिचा हात माझ्या कमरेखाली आलेला असतो.
ढोपर खाटेला टेकवून ती मला वळवते
तव्यावरच्या भाकरीसारखी, कड न मोडता.
अकराला दोन घरची भांडी घासायला जाते, पाचला परत.
मधल्या वेळात मी दहावीच्या पोरांना
ऑनलाइन बीजगणित शिकवते
आणि पाणी कमी पिते.
मे महिना, शेहेचाळीस अंश, आणि पाणी कमी पिते.
का, ते दादाला सांगावं लागत नाही.

दुर्पताची भाची विशाखा मस्कतला असते.
एका म्हाताऱ्याला खुर्चीतून खिडकीपाशी नेते,
समुद्र दाखवते, परत आणते.
पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात.
व्हिडिओ कॉलवर तिनं मावशीला विचारलं,
"तुही बाई पैसे टायमावर देते का वं?"
"तूच विचार," म्हणत दुर्पतानं फोन माझ्याकडे वळवला.
त्या चौकोनात मी दिसले,
मागे कूलर, मागे कपाट.

त्याच रात्री मी दादासारखं लिहायला घेतलं,
मोबाइलवर, एका बोटानं.
अंघोळ पस्तीस. वेणी सहा.
कूलरमध्ये पाणी, बादलीनं, कारण पाइप फाटलाय: अकरा.
बेरीज सात तास वीस मिनिटं.
तिला वाचून दाखवली.
ती तुरीची डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
"अन् वाट पाह्याचं?"
कसली?
"तुमी हाक माराची. रातभर कान उघडाच राह्यते ना जी माहा."

दादाला विचारलं.
असा रकाना त्याच्याही अर्जात नाही.

मग मी ठरवलं, आठवड्याला एक पगारी सुट्टी.
शनिवार संध्याकाळ ते रविवार रात्र.
ठरवताना फार छान वाटलं.

शेजारच्या फरजानानं दहाला मला डाव्या कुशीवर निजवलं,
"सकाळी येते," म्हणाली, दिवा मालवला.
दोनला कान तापला.
तीनला खांदा असा राहिलाच नाही, नुसती आग.
साडेतीनला टाकी संपली.
कूलरचा ओला आवाज हळूहळू कोरडा झाला,
मग नुसता पत्रा आणि गरम वारा.
भिंतीवर पाल होती.
तिनं चार वेळा जागा बदलली.
मला राग आला. कुणाचा, ते लिहीत नाही.

रविवारी रात्री दुर्पता आली, कौशल्यानगरहून, पायी.
काय केलं दिवसभर?
"झोपली जी."
नुसती?
"नुसतीच. पोरीनं जेवाले उठवलं, तरी नाही उठली."
खांद्यावरचा लाल डाग तिला दिसला.
खोबरेल आणलं, तळहातावर चोळून कोमट केलं, लावलं.
दोघी गप्प.

ती बादली उचलून निघाली तेव्हा माझ्या तोंडून गेलंच,
झोपेत कूस किती वेळा बदलली गं?
दारातून म्हणाली,
"आता थे कोन मोजते, बाप्पा."