माइक सोडायचा नाही

पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच:
माइक लोकांच्या तोंडासमोर धरायचा,
हातात द्यायचा नाही.
दिलेला माइक परत मिळत नाही, म्हणाली मार्गो.
तिने तीन निवडणुका काढल्यात.

म्हणून मी धरतो.
शाळेची व्यायामशाळा, बास्केटबॉलच्या रेघांवर घडीच्या खुर्च्या,
भिंतीवर कुठल्याशा जुन्या वर्षाचा विजेता संघ,
एप्रिल असूनही बाहेर गाड्यांच्या चाकांशी बर्फ.
मिशिगनचं हे वरचं टोक. तांब्याच्या खाणी संपल्या,
आडनावं राहिली.

चिडका प्रश्न आला की होलब्रुकसाहेब कोट काढतात.
योगायोग नाही तो. बाह्यांना दोन घड्या, तीन नाही.
मग नाव विचारायचं, मग ते दोनदा घ्यायचं,
मग एक पाऊल पुढे, कारण मागे गेलेला पाय
कॅमेऱ्यात दिसतो.
"बरं झालं तुम्ही हे विचारलंत."
आणि पुढे अशी वाक्यं की
ताकास तूर लागू नये,
पण ताक मात्र दाट वाटावं.

चौथ्या रांगेत आर्लीन कोस्किनेन उठल्या.
उठायला वेळ लागला, गुडघ्यांचं काम.
हातात कागद नव्हता. हे वाईट असतं,
कागदवाले वाचून दमतात.
"आपल्या हॉस्पिटलातला बाळंतपणाचा वॉर्ड," त्या म्हणाल्या
आणि श्वास घ्यायला थांबल्या.

तेवढ्यात उत्तर सुरू.
कोट खुर्चीवर. आर्लीन. हे बघा, आर्लीन.
माझी आई नर्स होती
(चौदा महिने, दातांच्या दवाखान्यात, मला माहीत आहे).
खेड्यापाड्यांचं आरोग्य, लढा, राजधानीतले ते लोक.
टाळ्यासुद्धा पडल्या, उजवीकडून,
जिथे आम्ही आमची माणसं बसवतो.

टाळ्या विरल्यावर त्या म्हणाल्या,
"मी अजून विचारलेलंच नाही."

कुणीतरी हसलं.
मार्गोने दारातून बोट फिरवलं: पुढे चल.
पण त्यांनी माझं मनगट धरलं होतं.
माइक नव्हे, मनगट.
नियमात मनगटाबद्दल काही नव्हतं.

"नातीला कळा सुरू झाल्या रात्री दोनला.
वॉर्ड आता पंच्याऐंशी मैलांवर.
गाडी मी चालवत होते. मला रात्रीचं नीट दिसत नाही.
तर विचारायचं ते हे:
मागच्या सीटवर ती ओरडत असताना
मी थांबायला हवं होतं
की चालवत राहायला?"

होलब्रुकसाहेबांच्या हातात पाण्याची बाटली होती.
तिचं झाकण त्यांनी लावलं, काढलं, लावलं.
छताजवळचा हीटर तेवढा बोलत होता.
"मला माहीत नाही."
आवाज त्यांचा नव्हता. म्हणजे
त्यांचाच होता, आज पहिल्यांदा.

आर्लीनबाईंनी मान हलवली. मनगट सोडलं.
"मलाही नाही," म्हणाल्या त्या,
माइकपासून तोंड वळवून.
ते फक्त मला ऐकू आलं.

व्हॅनमध्ये मार्गो, मोबाइलवरून डोळे न काढता:
"ते 'माहीत नाही' ना, सोनं आहे सोनं."
साहेब काचेतून झाडं बघत होते. अंधारात,
म्हणजे स्वतःलाच बघत असणार.

पुढच्या गावात प्रश्न शाळेच्या बसचा होता.
उत्तर मला पाठ होतं, त्यांनाही.
झाकण लावलं, काढलं, लावलं.
मी मनात मोजलं, चार सेकंद.
"मला माहीत नाही."
टाळ्या. या वेळी दोन्ही बाजूंनी.

त्यानंतर अकरा गावं झाली.
झाकणाचा हात आता चांगला बसलाय.
मीही बरा धरतो, ना फार जवळ, ना फार लांब.

बाळाचं काय झालं, मुलगा की मुलगी, जगलं का,
त्या रात्री कुणी विचारलं नाही.
माइक तर माझ्याच हातात होता.