खरखर

मानवतचं मंगल कार्यालय, रात्रीचे पावणेअकरा,
फ्लॅश दमलेला.
शंभर आयएसओवर कॅमेरा दर फोटोला
पूर्ण ताकदीचा लखलखाट मागायचा,
मग भरेस्तोवर ती बारीक शिट्टी,
आणि तेवढ्यात हार घालून मोकळेही.

दस्तगीरमामूंनी मागून डोकावलं :
"शंभराचे चारशे कर. फ्लॅश पाव ताकदीवर आण.
समोरच्याला ऐकू येतंय तर
कामून ओरडायलास?"

हे त्यांनी म्हणावं!
गेल्या दसऱ्यापर्यंत जैतुनमामींनी
त्यांना जेवायला हाक मारली
की गल्लीतली तीन घरं ताटावर बसायची.
आता कानात परभणीहून आणलेलं यंत्र.
मामी नुसतं पुटपुटतात, मामू उठतात.
फक्त पंखा, शिलाई मशीन, शेजारचं भांडण,
तेही सगळं येतं आत, खरखरत.

चारशे. पाव. फ्लॅश पटापट भरायला लागला.
स्टेजमागे काळंकुट्ट होतं तिथे
खुर्च्या दिसल्या, पेंगणारा बँडवाला दिसला,
आणि अंधाराच्या कडेला बारीक दाणे,
ज्वारीचं पीठ सांडावं तसे.

मामू जेवणाच्या रांगेकडे वळले होते.
"सोळाशे करू?" मी विचारलं,
स्वतःशीच म्हणावं इतकं हळू.

"नको," पाठमोरेच म्हणाले मामू.