सदर इसम

तहसील कचेरीबाहेरच्या निंबाखाली
मी अर्ज टाइप करायचो, पानाला सव्वा रुपया.
तिथून राजधर आण्णांनी मला मशीनसकट उचललं,
जीपमध्ये मागे बसवलं, सरकीच्या गोण्यांवर.
म्हणाले, "माले चौथीलोंग लिखता येस.
पुढलं तू लिख."

तेव्हा ते बाजार समितीवर होते.
मग पंचायत समिती, मग एकदाच आमदार,
चारशे बारा मतांनी.
अमळनेरात एवढा गुलाल उडाला
की मशीनच्या पोटातून आठवडाभर
माझा 'र' लालसर उमटत होता.

तेवीस वर्षं मी एकच वाक्य लिहिलं:
सदर इसम माझ्या परिचयाचा असून होतकरू आहे.
बोरीकाठचं कुणीही येवो, परिचयाचंच.
गिरणीतून कमी केलेला जॉबर,
शिपायाची जागा मागणारा बी.ए.,
धुळ्याच्या सिव्हिलात सासूला खाट हवी असलेली बाई,
आणि विनंती थांब्यासाठी आलेलं एक अख्खं गाव,
चपला बाहेर काढून.

आता सांगतो. आण्णांच्या खिशाला दोन पेनं असायची.
हिरवी सही म्हणजे काम करा.
निळी म्हणजे बघू.
साहेब लोकांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं,
कागद छातीशी धरून एस.टी.त बसणाऱ्याला नव्हतं.
वसतिगृहासाठी आलेली वंजी उखा पारधीची पोर
निळ्या सहीवर हात फिरवून म्हणाली होती,
किती सुंदर अक्षर आहे.
मी मशीनवर कापड टाकलं
आणि चहाला गेलो.

सूतगिरणीचं भूमिपूजन तीनदा झालं.
शेअरच्या पाचशे-पाचशेच्या पावत्या मीच टाइप केल्या.
जमिनीवर आता पोरं क्रिकेट खेळतात,
कोनशिलेला स्टंप मानून.
'यांच्या शुभहस्ते'वर चेंडू लागला की आऊट.

विस्ताराची बातमी आली तेव्हा
आण्णांनी एक जाकीट शिवायला टाकलं.
विस्तार झाला. जाकीट शिंप्याकडेच राहिलं,
दिवाळीला उधारी फेडून मी घेऊन आलो.
पुढची निवडणूक हरले, त्यापुढची अनामतसकट.
शिक्का नवा केला नाही,
जुन्याच शिक्क्याच्या डोक्यावर
मी पेनानं 'माजी' लिहायचो.
कधी विसरायचो. ते बोलायचे नाहीत.

एक मात्र खरं, कागदावर नाव मागताना
त्यांनी जात विचारलेली मी ऐकली नाही.
विरोधात बूथ लावणारा हिलाल तडवी
पोराच्या नोकरीसाठी आला, मान खाली घालून.
आण्णा म्हणाले, "त्यानं नाव वर लिख,
मन्हं खाले. आनि याले भाकर वाढा."
त्या दिवशी हिरवी.

शेवटी आण्णांनाच खाट लागली.
हात थरथरत होता, सही होईना.
मीच लिहिलं: सदर इसम माझ्या परिचयाचा असून.
होतकरू खोडलं.
खाली त्यांची सही मी केली, हुबेहूब,
इतकी वर्षं बघितलेली.
पेन हिरवं घेतलं.
काउंटरवरचा पोरगा नांदेडकडचा, नवा.
त्यानं कागद उलटा करून
पाठीवर कुणाचा तरी मोबाइल नंबर लिहिला
आणि म्हणाला, काका, आधार कार्ड आणा.

खाट मिळाली, दोन दिवसांनी. व्हरांड्यात.

आता कार्बन कॉप्यांचे गठ्ठे माझ्या माळ्यावर आहेत.
अक्षरं उडाली. नावं, गावं, होतकरू, सगळं.
उजेडात धरलं तर फक्त भोकं दिसतात,
माझा पूर्णविराम फार जोरात बसायचा म्हणून.
आण्णा कुरकुरायचे,
"इतलं जोरमा नको मारू रे भो,
काम अजून व्हवानं शे."