पावल्या

हिवाळाभर मी पावल्या जमवल्या.
पाव डॉलरची नाणी,
डिझेलच्या पंपावरून, डोनटच्या दुकानातून, कोटाच्या अस्तरातून.
गावचा बर्फ काढायच्या गाडीत
कॉफीच्या डब्यात त्या खुळखुळत राहायच्या
आणि मला वाटायचं, मिरेयचे कपडे धुतले जाताहेत
चार तास दक्षिणेला, वसतिगृहाच्या तळघरात.
सहा पावल्या धुण्याच्या, पाच वाळवण्याच्या.
तिच्या कॉलेजातलं मला कळायचं ते एवढंच.
डबा भरला तसा जानेवारीत पाठवून दिला.

एप्रिल सरता सरता तिचे फोन यायला लागले, मध्यरात्रीनंतर.
ओदीलने नर्सिंग होमच्या पाळीला निघताना बजावलं होतं,
"अभ्यासाचं विचारू नकोस. जेवलीस का, तेवढं विचार."
ते विचारून झालं की मी सांगत बसायचो
नदीचा बर्फ कुठल्या दिवशी फुटला,
लेव्हेकच्या बटाट्याच्या शेतात ट्रॅक्टर कसा रुतला,
माझ्या वाट्याच्या रस्त्याला किती खड्डे पडले.
ती नुसती हं म्हणायची.
एका रात्री मी सतरा म्हणालो
तर म्हणाली, "काल एकोणीस होते."
त्या रात्री मला झोप लागली.

मग रसायनशास्त्राचा पेपर.
मग चार दिवस काहीच नाही.

आणायला गेलो तेव्हा
बाकीचे बाप छोटे फ्रिज उचलत होते, धापा टाकत, खुशीत.
ती फुटपाथच्या कडेला, नऊ काळ्या पिशव्यांत बसलेली.
गाडीत बसल्यावर डबा तिने माझ्या मांडीवर ठेवला.
"पुरल्या का?" मी विचारलं. कशाला विचारलं!
जड होता. पाठवला होता तेवढाच जड.
झाकण उघडलं तर वरची माझी चिठ्ठीसुद्धा
तशीच, घडी न मोडलेली.
आणि मागून पिशव्यांचा वास आला.

माझा जन्म गेला साचलेलं बाजूला सारण्यात.
हात शिवशिवले.
पण बर्फाखाली काय आहे ठाऊक नसेल
तर पातं वर उचलून धरायचं असतं.
पहिल्या वर्षी मी लोकांच्या सात टपालपेट्या पाडल्या होत्या.
मी रेडिओ लावला. बेसबॉलचा सामना होता, कुणाचा कोण जाणे.
हूल्टन मागे पडलं तेव्हा ती झोपली,
तोंड उघडं टाकून,
सहा वर्षांची असताना झोपायची तशी.

रात्रभर मशीन चाललं.
सकाळी ओदील आली, दारातच थबकली, वास घेतला,
काही बोलली नाही. कोटासकट चुलीशी उभी राहिली
आणि कुट्टूच्या पिठाचे प्लोय घातले,
एकाच अंगाने भाजलेले, वर जाळी पडलेले.
मिरेयने दोन खाल्ले. लोणी न लावता.

मग अकरा दिवस ती दुपारपर्यंत झोपायची.
बाहेर काळ्या माश्यांनी उच्छाद मांडला होता.
चर्चच्या पायरीवर फर्नांदमावशीने गाठलंच,
"मग, मार्क किती?"
ओदील म्हणाली, "खातेय चांगली."

बाराव्या दिवशी परसात पाहतो
तर दोरीवर चादरी घालत होती, न सांगता.
चिमटा दातांत धरून म्हणाली, "केमिस्ट्री गेली, पापा."
"कळलं होतं."
"कशावरून?"
"डब्यावरून."
हसली नाही.
ओल्या चादरीचं दुसरं टोक माझ्याकडे फेकलं
आणि मी ते धरलं. पिळून ताणलं.
वारा होता. दोघांच्या मध्ये चादर फुगत राहिली.

जुलैत एक दिवस पंपावर तीन पावल्या सुट्ट्या मिळाल्या.
डबा आता फडताळात, मिठाच्या बरणीमागे.
परत जाणार की नाही, तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
उगाच घाई वाटू नये तिला, म्हणून
दोन बोटांत धरून, एकेक,
श्वास रोखून ठेवत होतो वरच्या थरावर.

तिसरी ठेवली आणि जिन्यावरून आवाज आला,
"ऐकू येतंय, पापा."